आत चाकु आहे

आमच्या धंद्यात टूर मॅनेजरची किंमत जेवणावरून ठरते. पशुपतिनाथाच्या रांगेत दोन तास गेले तरी लोक विसरतात. पोळी गार होती हे मात्र पुढच्या दिवाळीपर्यंत सांगत राहतात. म्हणून नेपाळच्या सहलीला आम्ही आचारी, शेगड्या, कुकर आणि गोडा मसाला सोबतच नेतो. अकरा वर्षं काठमांडूच्या फेऱ्या करतोय, आणि मोमो सोडले तर तिथलं मी काहीही चाखलं नव्हतं. आमटी-भात खायचा आणि बसमध्ये चढायचं.

२६ डिसेंबर २०२३, मंगळवार, दत्तजयंती. हा दिवस धरूनच गट काढला होता, कारण भक्तपूरला दत्ताचं देऊळ आहे. पंधराव्या शतकातलं, यक्ष मल्ल राजाच्या काळातलं, तीन छपरांचं. एकाच झाडाच्या लाकडातून उभारलं असं तिथे सांगतात. एकूण सव्वीस माणसं, त्यांतली नऊ उपवासाची. आणि नेमके त्या पहाटे आमचे महाराज, म्हणजे आचारी, तापाने फणफणले. साबुदाणा भिजलेला, शिजवणार कोण? त्यांना गोळी देऊन, हॉटेलच्या पोऱ्याला लक्ष ठेवायला सांगून बस काढली.

दर्शन झालं तेव्हा साडेबारा वाजले होते. शेजारच्या पुजारी मठाची मोराची खिडकी बघताना लोक एकमेकांना हळूच विचारू लागले, "जेवणाचं काय?"

उपवासवाल्यांची सोय सोपी निघाली. भक्तपूरचं जुजु धौ, म्हणजे दह्यांचा राजा. म्हशीचं दूध आटवून, गोड करून मातीच्या भांड्यात विरजतात. भांडं पाणी शोषून घेतं, त्यामुळे दही असं लागतं की चमचा उभा राहावा. दही आणि केळी, नऊ जण गप्प.

उरलेल्या सतरांना घेऊन मागच्या गल्लीतल्या एका बुटक्या दाराच्या खानावळीत शिरलो. आत सुकुल, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या चटया, पसरलेल्या. चालवणारी बाई पन्नाशीची, सगळे तिला दिदी म्हणत होते, मीही म्हणालो. हिंदी तिला बरं येत होतं. इथल्या नेवार लोकांत म्हशीचं मांस रोजचं. त्यामुळे मी आधीच बजावलं की मांस नको, अंडं नको, आणि तवाही वेगळा हवा. तिने माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि माळ्यावरून दुसरा तवा काढला. माझ्या नोकरीतला हा सगळ्यात लाजिरवाणा क्षण नसेल, पण पहिल्या पाचांत बसेल.

पहिला गोंधळ 'समय बजि'वरून झाला. नाव ऐकून ठाण्याचे एक काका कांदाभज्यांच्या तयारीने बसले. समोर आले कोरडे पोहे! बजि म्हणजे पोहेच. भोवती भाजलेलं काळं सोयाबीन, आल्याचे काप, लसूण, मसाल्यातला बटाटा, चवळीची भुटी. "फोडणी राहिली वाटतं," काका म्हणाले. राहिली नव्हती. सणाला हे ताट आधी देवापुढे जातं, मग माणसांपुढे. पोहे तसेच कोरडे चावायचे आणि अधूनमधून आल्याचा तुकडा. दोन घासांनंतर काकांनी लसूण वाढवून मागितला. सोबत लागणारी ऐला, म्हणजे घरगुती दारू, मातीच्या पणतीएवढ्या वाटीत ओततात. ते तीर्थ आहे का, असं कुणीतरी विचारलं. दारू आहे म्हटल्यावर दोघा-तिघांनी चौकशी जरा जास्तच केली.

मग 'वो' आला. भिजवलेल्या उडदाच्या डाळीची सालं काढून, वाटून तव्यावर जाडसर थापलेला, कडेला कुरकुरीत. हा कुणाला समजावून सांगावा लागला नाही. लप्सी नावाच्या आंबट फळाची चटणी मात्र सांगावी लागली, कारण नाव ऐकून दोघींनी लापशी म्हणून चमचाभर तोंडात टाकली होती.

एवढ्यात आतून वाफेचा वास आला. नवा तांदूळ आणि गूळ. त्या वासासरशी उपवासाच्या नाशिकच्या काकू दह्याची वाटी ठेवून थेट चुलीपाशी जाऊन बसल्या. दिदी तेलाच्या बोटावर पिठाचा गोळा फिरवून त्याची लांबट पारी करत होती.

"हे काय?"

"योमरी. आज योमरी पुन्हि."

मार्गशीर्षातली पौर्णिमा, नवं भात घरात आल्याची. आमचा दत्त जन्मतो त्याच दिवशी इथे घरोघरी हे उकडतात आणि धान्याच्या कोठाराची पूजा करतात. याआधी दोनदा मी दत्तजयंतीचा गट घेऊन या गावात आलो होतो. दोन्ही वेळा कुकरच्या शिट्या मोजत बसलो होतो.

"आत काय घालता?"

"चाकु," दिदी म्हणाली.

काकू जरा मागे सरकल्या. मग तिने वाटी पुढे केली: उसाच्या रसाचा चिकट काळपट गूळ आणि कुटलेले तीळ. हसू आवरल्यावर काकूंनी कंबर कसली. पीठ नुसत्या गरम पाण्यात मळलंय, उकड काढली नाही, तुपाचं बोट नाही, नारळ तर नाहीच, एवढं सगळं मराठीत ऐकवून त्यांनी एक पारी हातात घेतली आणि नऊ कळ्यांचा मोदक केला. दिदीने तो निरखून पाहिला, कळ्या बोटाने मिटवल्या आणि वर टोक ओढून त्याची योमरी केली. तीन-चार वेळा असंच झालं. दोघीही हटेनात.

बाकीच्यांनी गरमागरम खाल्ल्या. चाकु आत वितळलेला असतो हे सांगायला मी विसरलो. त्यात दोन जिभा आणि एक पांढरा सदरा गेला.

काकूंना तांदूळ चालणार नव्हता, म्हणून त्यांच्या चार योमऱ्या पानात बांधून घेतल्या. संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास (तिथलं घड्याळ आपल्यापुढे पंधरा मिनिटं) देवळासमोर थंडीत कुडकुडत पाळणा म्हटला, जन्म झाला, आणि पुडी सुटली. गार झाल्यावर पारी चिवट होते. काकूंनी तीन सावकाश संपवल्या, चौथी रुमालात ठेवली.

रात्री हॉटेलवर ती महाराजांच्या हातात दिली. ताप उतरला होता. त्यांनी पांघरुणातूनच ती दिव्यापुढे धरली, अंगठ्याने दाबून पाहिली.

"पारी जाड झालीय," ते म्हणाले. "आणि हे शेपूट कुणी काढलं?"