अकरा पट्ट्या आणि आईची शुगर

२०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा ठाण्यातल्या आमच्या नौपाड्याच्या घरात ग्लुकोमीटरच्या, म्हणजे रक्तातली साखर मोजायच्या यंत्राच्या, ११ पट्ट्या उरल्या होत्या. आईला मधुमेह होऊन १४ वर्षं झालेली. दर तीन महिन्यांनी लॅबमध्ये रक्त द्यायचं आणि रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जायचं, हे इतकं अंगवळणी पडलं होतं की घरचा मीटर क्वचितच बाहेर निघायचा. एप्रिलची तपासणी बुडाली. लॅब बंद, दवाखाना बंद, आणि ६८ वर्षांच्या आईला घराबाहेर न्यायची माझी हिंमत नव्हती.

औषधाच्या दुकानात पट्ट्या मिळेनात. मग मी काटकसर केली. आठवड्याला एकच, रविवारी सकाळी उपाशीपोटी. १२२, ११८, १२६. वहीत आकडा लिहिला की मी निर्धास्त व्हायचे.

मेमध्ये एका दुपारी आईला गरगरलं. तपासलं तर ३१२! माझे हातपाय गळाले. डॉक्टरांनी फोनवर पहिलंच विचारलं, "काकूंनी हात धुतले होते का?" आई नुकतीच आमरसासाठी हापूस पिळून उठली होती. बोटाला लागलेला रस रक्ताच्या थेंबात मिसळतो आणि मीटर तीही साखर मोजतो. साबणाने हात धुऊन, नीट कोरडे करून पुन्हा टोचलं. २१४.

घाबरणं कमी झालं, पण २१४ काही थोडी नव्हती. म्हणजे सकाळचे सगळे आकडे बरे आणि दुपारी हे! व्हिडिओ कॉलवर डॉक्टर म्हणाले, "पट्ट्या कमी आहेत ना, मग सगळ्या सकाळीच संपवू नका. जोडीने वापरा. जेवणाआधी एक, आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एक. एका आठवड्यात दुपारचं जेवण, पुढच्यात रात्रीचं."

रात्री आकडा तीसेकने वाढायचा, दुपारी नव्वदने. दुपारी दोन वेळा भात, मग झोप. पूर्वी संध्याकाळी तलावपाळीला फेरी असायची, तीही बंद. हे मला आधी दिसायला हवं होतं, याची रुखरुख अजून आहे.

जूनमध्ये एका लॅबचा माणूस घरी येऊन रक्त घेऊन गेला. एचबीएवनसी ८.६. जानेवारीत ७.१ होतं. ही तपासणी साधारण मागच्या तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगते, त्यामुळे माझ्या रविवारच्या वहीत न उमटलेला सगळा उन्हाळा त्या एका आकड्यात होता. डॉक्टरांनी गोळी बदलली, भात एका वाटीवर आला. जेवणानंतर आई घरातच वीस मिनिटं फेऱ्या मारू लागली. जुलैत ठाण्यात पुन्हा कडक लॉकडाऊन लागला, तरी फेऱ्या चुकल्या नाहीत.

ऑक्टोबरमध्ये ७.४ आलं. तोवर आई स्वतःच टोचून घ्यायला शिकली होती. बोटाच्या टोकाला नाही, कडेला, तिथे कमी दुखतं. आणि वहीत आता दोन रकाने होते, जेवणाआधी आणि जेवणानंतर, दोन्ही तिच्याच अक्षरात.