हात वर करून दिलेला निकाल

कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक म्हणून काम करणाऱ्या बाईला रविवारी घटस्फोटावरचा चित्रपट पाहायला बोलावणे म्हणजे हलवायाला जिलबीचे आमंत्रण देणे, असे मी ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका वाचकगटाच्या चिटणिसांना फोनवरच सांगितले होते. त्यांना मात्र नंतरची चर्चा चालवायला न्यायालयाचा अनुभव असलेले कुणीतरी हवेच होते. चित्रपट होता असगर फरहादी यांचा ‘अ सेपरेशन’. २०११ साली बर्लिन महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार आणि २०१२ साली ऑस्कर मिळवलेला हा इराणी चित्रपट मी पूर्वी पाहिलेला होता. पण तो इतरांच्या सोबत पाहणे आणि लगेच त्यांची मते ऐकणे हा वेगळाच प्रकार ठरला.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सिमीनला मुलीच्या भवितव्यासाठी देश सोडायचा आहे. नादेरला स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांना टाकून जायचे नाही. ती घटस्फोटाचा अर्ज करते आणि माहेरी निघून जाते. अकरा वर्षांची तेरमेह वडिलांकडे राहते. म्हाताऱ्याकडे बघायला ठेवलेली बाई, राझिये, गरोदर आहे. एके दिवशी भांडण होते, नादेर तिला दाराबाहेर ढकलतो, तिचे बाळ जाते आणि प्रकरण फौजदारी होते. तिच्या गरोदरपणाची नादेरला कल्पना होती की नव्हती, यावर सगळे येऊन ठेपते.

पडदा गुंडाळायच्या आतच चिटणिसांनी उत्साहाने विचारले, ‘नवऱ्याची बाजू कोणाला पटली? हात वर करा.’ मला हे आवडले नाही, पण पाहुणी असल्यामुळे मी गप्प राहिले. बायका बायकोच्या बाजूने आणि पुरुष नवऱ्याच्या बाजूने हात वर करतील अशी माझी अटकळ होती. तसे झाले नाही. ऐरोलीच्या आयटी कंपन्यांत नोकरी करणाऱ्या दोन तरुण मुली ठामपणे नादेरच्या बाजूच्या निघाल्या, कारण ‘तो पळून जात नाही’. उलट, सत्तरी ओलांडलेल्या एका आजींनी सिमीनसाठी हात वर केला आणि तो बराच वेळ खाली घेतला नाही. त्यांचे म्हणणे असे होते : ‘त्यानं बापाला अंघोळ घालताना रडून घेतलं ते सगळ्यांनी पाहिलं. त्याआधी इतकी वर्षं त्या घरात सासऱ्याचं कोण करत होतं, ते कुणी दाखवलं का?’ त्यांच्या शेजारी बसलेल्या सूनबाईंनी या वाक्यावर मान खाली घालून पर्समध्ये काहीतरी शोधायला सुरुवात केली.

घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्या एका गृहस्थांना या दोघांपैकी कोणातच रस नव्हता. त्यांच्याही घरी म्हाताऱ्या माणसांकडे बघणारी, ब्युरोने पाठवलेली बाई येते, आणि त्यांच्या मते खरी गोष्ट राझियेची होती. म्हाताऱ्याचे कपडे खराब झाले तेव्हा परपुरुषाला स्वच्छ केले तर पाप लागेल का, हे ती फोन करून विचारते, तो प्रसंग त्यांनी दोनदा सांगितला. ‘आपण ब्युरोच्या बाईला सुट्टी किती द्यायची एवढंच बोलतो,’ ते म्हणाले, ‘तिच्या घरात काय चाललंय हे विचारत नाही.’ मुद्दा रास्त होता. पण सभागृहाला तो थोडा अडचणीचा वाटला असावा, कारण गाडी लगेच पुन्हा नवरा-बायकोवर आली.

मग अपेक्षित प्रश्न आला : ही केस ठाण्यात आली असती तर? मी सांगितले की, हिंदू विवाह कायद्यात क्रूरता, परित्याग अशी कारणे दिलेली आहेत. जोडीदार परदेशी यायला तयार नाही, हे त्यांत बसणारे कारण नव्हे. दोघांची संमती असेल तर कलम १३ब खाली अर्ज करता येतो, आणि त्यातली सहा महिन्यांची मुदत योग्य प्रकरणात माफ करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्पष्ट केले आहे. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने समेटाचा प्रयत्न करणे न्यायालयावर बंधनकारक केले आहे आणि म्हणूनच पक्षकार आधी आमच्या खोलीत येतात. एवढे सांगून मी आवरते घेतले, कारण लोक वह्या काढू लागले होते आणि चर्चेचे कायदा शिबिर व्हायला वेळ लागत नाही.

इतका वेळ मागच्या रांगेत गप्प बसलेल्या कळव्याच्या एका शिक्षिका तेव्हा उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, ‘ती मुलगी न्यायाधीशांसमोर खोटं बोलली, तेव्हा तुमच्यापैकी किती जणांना बरं वाटलं? मला वाटलं. बाप सुटला म्हणून मी श्वास सोडला आणि मग माझी मलाच लाज वाटली.’

हा प्रसंग असा आहे. वडिलांना सगळे ठाऊक होते, हे तेरमेहने हेरलेले असते आणि त्यांनीही तिच्याजवळ ते कबूल केलेले असते. न्यायाधीश तिला विचारतात तेव्हा ती वडिलांना वाचवणारे उत्तर देते आणि नंतर गाडीत बसल्यावर तिच्या डोळ्यांतून पाणी येते. ऐरोलीच्या मुलींपैकी एक लगेच म्हणाली की, बापाने तिला खोटे बोलायला सांगितले नव्हते, उलट तू म्हणत असशील तर जाऊन खरे सांगतो, असे तो म्हणाला होता. त्यावर शिक्षिकाबाईंचे उत्तर तयार होते : ‘म्हणजे बापानं तुरुंगात जायचं की नाही हे अकरा वर्षांच्या पोरीनं ठरवायचं. याला मोकळीक देणं म्हणतात का?’

माझ्या कामातली सर्वांत अवघड गोष्ट त्यांनी नेमकी पकडली होती. पढवलेले मूल ओळखायला आम्हाला फार वेळ लागत नाही. दुसरीतला मुलगा ‘मम्मी माझ्याकडे दुर्लक्ष करते आणि तिचे वर्तन ठीक नाही’ असे म्हणू लागला की, ते शब्द अर्जातून उतरलेले आहेत हे कुणालाही कळेल. पण कुणीही न पढवता जे मूल आपल्या मनाने एकाला सांभाळून घेते, आईला वाईट वाटेल म्हणून बाबांकडची मजा लपवते, बाबा एकटे पडतील म्हणून तिकडे पोट दुखत होते हे सांगत नाही, ते मूल अत्यंत समजूतदार दिसते. नातेवाईक त्याचे कौतुकही करतात. मला मात्र अशा मुलाची फाइल समोर आली की जास्त वेळ काढून ठेवावा लागतो.

‘मग तुम्ही मुलांना विचारता तरी काय?’ आजींनी विचारले. मी म्हटले की, आई हवी की बाबा, हा प्रश्न मी विचारत नाही. शाळेच्या डायरीवर सही कोण करते, चित्रकलेची वही या घरी राहिली आणि तास दुसऱ्या दिवशी असला तर काय होते, रात्री जाग आली तर कोणाला हाक मारतोस, भेटीच्या शनिवारी निघताना बॅग कोण भरते, असले साधे प्रश्न असतात. बॅग कोण भरते याला एका मुलीने दिलेले उत्तर मी नाव-गाव न सांगता तिथे सांगितले : ‘मीच भरते, म्हणजे काय राहिलं यावरून त्यांचं भांडण होत नाही.’ सूनबाईंची पर्स आता मांडीवर मिटलेली होती आणि त्या माझ्याकडे पाहत होत्या.

शेवट न आवडलेले बरेच होते. कोणाकडे राहायचे हे ठरले आहे असे तेरमेह न्यायाधीशांना सांगते, आईवडिलांना बाहेर पाठवले जाते, आणि मग काचेच्या दाराच्या अल्याड-पल्याड ते दोघे थांबलेले असतानाच श्रेयनामावली सुरू होते. ‘तिकीट काढून पाहिला असता तर पैसे परत मागितले असते,’ असे एक काका म्हणाले आणि त्यांनी मलाच धरले : तुमच्या अनुभवावरून सांगा, तिने कोणाचे नाव घेतले असेल?

मी सांगितले की, अंदाज करणार नाही, पण इथले न्यायालय असते तर त्या उत्तराने प्रकरण मिटले नसते, एवढे नक्की. १८९० च्या पालकत्वाच्या कायद्यानुसार, समज आलेल्या मुलाची पसंती न्यायालय विचारात घेऊ शकते. ती बंधनकारक नसते. त्यानंतर अंतरिम ताबा, शनिवार-रविवारच्या भेटी, दिवाळीची सुट्टी अर्धी-अर्धी, मध्येच शाळा बदलली तर नवा अर्ज, आणि परिस्थिती बदलली म्हणून आधीच्या आदेशात दुरुस्ती, असे मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत चालू राहू शकते.

काकांनी बोटांवर हिशोब केला. ‘अकराची पोरगी,’ ते म्हणाले, ‘म्हणजे अजून सात वर्षं.’