तुम्ही विचारलंत म्हणून: जेन निघून का गेली?

शार्लट ब्राँटेच्या ‘जेन एअर’चा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. जेन ज्याच्या घरी गव्हर्नेस आहे त्या रॉचेस्टरवर तिचा एवढा जीव, त्याची बायको बर्था वेडी होऊन माडीवर कोंडलेली, मग जेन त्याच्याकडे राहिली असती तर काय बिघडलं असतं? हे निव्वळ सोवळेपण नाही का?

मला तसं वाटत नाही. कादंबरी १८४७ची. तेव्हाची गव्हर्नेस, म्हणजे घरी राहून मुलांना शिकवणारी बाई, धड मालकांत नाही, धड नोकरांत नाही. जेनला वर्षाला ३० पौंड मिळतात. लग्न ठरल्यावर रॉचेस्टर तिला रेशीम आणि दागिन्यांनी मढवायला निघतो, तर ही म्हणते, मी घरातल्या छोट्या आदेलला शिकवत राहीन, माझे ३० पौंड मला मिळू देत. कुणाला हा लाडिकपणा वाटतो. मला तो रोखठोक व्यवहार वाटतो, आणि म्हणूनच आवडतो.

बायको जिवंत असल्याचं उघड होऊन लग्न मोडल्यावर तो तिला दक्षिण फ्रान्समधल्या घरी चल म्हणतो. त्याच बोलण्यात आपल्या जुन्या अंगवस्त्रांचा विषय काढतो आणि म्हणून जातो की बाई ठेवणं हे गुलाम विकत घेण्याच्या खालोखाल वाईट, कारण ती दर्जाने नेहमी खालचीच असते. जेन हे मनात नोंदवून ठेवते. उद्या त्या अंगवस्त्रांपैकी सेलीन वारेन्सनंतर आपलंही नाव असंच घेतलं जाईल! पुढे तो विचारतो, तुला ना नातलग, ना ओळखीपाळखीचे, मग दुखावणार कोण? बड्या घरच्या मुलीला हे विचारायची त्याची छाती झाली नसती. जेनचं उत्तर एवढंच, की मला माझी पर्वा आहे.

मग वीस शिलिंग गाडीभाड्यात घालवून ती रानोमाळ भटकते आणि डुकराला टाकायला काढलेली गार लापशी मागून खाते.

ती काही संत नाही. पुढे मॉर्टन गावच्या शाळेत शेतकऱ्यांच्या मुलींना शिकवताना आपण एक पायरी खाली आलो, असं तिलाही वाटतं. ही कबुली ब्राँटेने लपवली नाही. शेवट मात्र तिने फार सोयीचा केला. मदिरा बेटावरच्या काकांचे २०,००० पौंड येतात, जेन त्यांचे चार वाटे करते आणि परतते तेव्हा बर्था आगीत गेलेली असते. बर्था जिवंत असती आणि जेनच्या गाठीला दमडीही नसती, तर ती दुसऱ्यांदा काय म्हणाली असती, ते मला वाचायचं होतं.