अग्रलेख आणि आकड्यांचा तक्ता

माध्यमांविषयी बोलताना ‘लोकशाहीचा चौथा स्तंभ’ हा शब्दप्रयोग इतका झिजला आहे की तो कानावर पडला तरी मनात काही उमटत नाही. वृत्तपत्र हातात आले की आधी अग्रलेख वाचायचा, ही माझी जुनी सवय. अलीकडे मात्र नजर आधी आतल्या पानांवरच्या कोरड्या आकड्यांकडे वळते. माध्यमांमुळे समाजात जो बदल होतो, तो मतप्रदर्शनापेक्षा दडलेला हिशेब संबंधितांच्या नजरेस आणल्याने अधिक होतो, असे मला वाटू लागले आहे.

या मताला बळ मिळाले ते युगांडाच्या उदाहरणाने. तेथील केंद्र सरकार प्राथमिक शाळांना विद्यार्थिसंख्येनुसार अनुदान देत असे. १९९१ ते १९९५ या काळात त्यातले सरासरी जेमतेम १३ टक्के शाळांपर्यंत पोहोचले आणि उरलेले मधल्या प्रशासनात जिरले, असे शाळांच्या पाहणीत आढळले. त्यानंतर कोणत्या जिल्ह्याला किती रक्कम पाठवली, याचा तपशील सरकारने दरमहा वृत्तपत्रांतून प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली, आणि शाळांनीही मिळालेली रक्कम लोकांना दिसेल अशी लावावी, असे ठरले. २००१ पर्यंत शाळांच्या हाती पडणारा वाटा ८० टक्क्यांच्या वर गेला. याचे सारे श्रेय वृत्तपत्रांना देणे घाईचे ठरेल, कारण त्याच काळात शिक्षणव्यवस्थेत इतरही सुधारणा होत होत्या. तरीही वृत्तपत्रविक्रीच्या ठिकाणाजवळ असलेल्या शाळांची स्थिती अधिक सुधारली, हा अभ्यासकांनी नोंदवलेला तपशील मला बोलका वाटतो. ‘आमचे इतके पैसे निघाले होते, ते कुठे गेले?’ हे विचारण्यासाठी मुख्याध्यापकाला वक्तृत्वाची गरज नव्हती. छापलेली एक ओळ पुरेशी होती.

सत्ताधाऱ्यांच्या लेखी माध्यमांचे मोल किती, हे पेरूमध्ये तर पैशांत मोजता आले. अध्यक्ष फुजिमोरी यांच्या राजवटीत गुप्तचर यंत्रणेचा सूत्रधार असलेला मोंतेसिनोस न्यायाधीश, राजकारणी आणि दूरचित्रवाहिन्यांचे मालक या सर्वांना लाच देत असे, आणि विशेष म्हणजे त्याच्या पावत्या व चित्रफितीही जपून ठेवत असे. पुढे त्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा वाहिनीच्या मालकाला दिलेली लाच राजकारण्याला दिलेल्या लाचेच्या साधारण १०० पट असल्याचे दिसले; न्यायाधीशाचा भाव त्याहूनही कमी होता. एक छोटी केबल वाहिनी मात्र या खरेदीतून सुटली. मोंतेसिनोस विरोधी पक्षाच्या खासदाराला पैसे देत असल्याची चित्रफीत तिने सप्टेंबर २००० मध्ये दाखवली आणि नोव्हेंबरमध्ये फुजिमोरी यांची सत्ता गेली. मालकीचे केंद्रीकरण हा विषय रुक्ष वाटतो खरा, पण सगळ्या वाहिन्या मोजक्या हातांत असत्या, तर ही एक वाहिनी सुटली असती का?

येथपर्यंतचे चित्र माध्यमांना अनुकूल आहे. ज्या संकटाला ठरावीक दिवस किंवा चेहरा नसतो, तेथे मात्र ती कमी पडतात. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळात युद्धकालीन निर्बंधांमुळे उघड लिहिणे कठीण होते. तरी कोलकात्याच्या ‘द स्टेट्समन’चे संपादक इयान स्टीफन्स यांनी ऑगस्टमध्ये रस्त्यावरच्या भूकबळींची छायाचित्रे छापली आणि सरकारला दुष्काळ नाकारणे अवघड झाले. मुक्त वृत्तपत्रे आणि निवडणुका असलेल्या लोकशाहीत मोठा दुष्काळ पडत नाही, हे अमर्त्य सेन यांचे निरीक्षण प्रसिद्ध आहे. त्याचाच दुसरा भाग कमी उद्धृत होतो: दुष्काळ टाळणारा स्वतंत्र भारत कायमचे कुपोषण मात्र टाळू शकला नाही. अमेरिकी दूरचित्रवाणीवरील बातम्यांचा अभ्यास तर सांगतो, की ज्वालामुखीत एक माणूस दगावल्यावर जितके लक्ष मिळते, तितके मिळण्यासाठी अन्नटंचाईत जवळपास ४०,००० माणसे मरावी लागतात. यात वार्ताहरांचा दुष्टपणा नाही. ‘आज काय घडले’ या प्रश्नावर उभ्या असलेल्या धंद्याला, रोज थोडे थोडे घडणारे दिसतच नाही, आणि विकास तर बहुतांशी तसाच घडतो किंवा अडतो.

शेअर बाजाराचे आकडे तो न हलल्याच्या दिवशीही ठरलेल्या जागी छापले जातात. त्यासाठी बातमी घडावी लागत नाही. बालकांचे वजन, लसीकरण, शिक्षकांची हजेरी यांना एखाद्या संपादकाने तशी कायमची जागा दिली, तर पहिले काही महिने ती कोणी वाचणार नाही आणि जाहिरात विभाग त्या जागेचा हिशेब मागेल, हे उघड आहे. युगांडातला तक्ताही वाचायला रंजक नसणारच.