टीव्ही फोर-के आहे, पण चित्र फोर-के येते आहे का?

नवा फोर-के टीव्ही घरी आल्यावर पहिल्या काही दिवसांत ऐकू येणारी तक्रार बहुधा एकच असते: दुकानात चित्र जितके स्वच्छ दिसत होते तितके घरी दिसत नाही. ठाण्यातल्या घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या इमारतीत दिवाळीच्या सुमारास अनेकांनी असे टीव्ही घेतले. नेरूळला राहणाऱ्या मामांनीही घेतला आणि आठवडा उलटण्याच्या आत फोनवर विचारले, "अरे, पैसे वाया गेले का रे?" अशा घरांमध्ये बसून तपासणी करताना माझे एक मत पक्के झाले. टीव्हीच्या रंगांना, चमकीला किंवा पिक्चर मोडला हात लावण्याआधी त्याच्यापर्यंत प्रत्यक्षात किती तपशिलाचे चित्र पोहोचते आहे, हे पाहिले पाहिजे.

फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख बिंदू असतात. फुल एचडीच्या चौपट. पण स्ट्रीमिंग सेवा एकच मोठी फाइल पाठवत नाहीत. तोच चित्रपट त्यांच्याकडे अनेक दर्जांमध्ये, काही सेकंदांच्या तुकड्यांत साठवलेला असतो आणि टीव्हीतले अॅप त्या क्षणाचा वेग बघून पुढचा तुकडा कोणत्या दर्जाचा मागवायचा ते ठरवते. त्यामुळे नेट मंदावले तरी चित्र लगेच थांबत नाही. ते गुपचूप १०८० (फुल एचडी) किंवा त्याहून कमी ७२० वर उतरते, टीव्ही ते ताणून पडदाभर पसरवतो आणि आपण दोष पॅनेलला देतो. गोल फिरणारे चक्र निदान डोळ्यांना दिसते. ही घसरण दिसत नाही, म्हणूनच ती मला अधिक त्रासदायक वाटते.

ती उघडी पाडण्याचा सोपा मार्ग यूट्यूबमध्ये आहे. फोर-के म्हणून चढवलेला एखादा व्हिडिओ लावावा आणि सेटिंगमधून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' सुरू करावे. चालू रिझोल्यूशन, जोडणीचा वेग आणि कोडेक, म्हणजे चित्र दाबून पाठवण्याची पद्धत, हे तिन्ही तिथे दिसतात. काही मिनिटे त्या आकड्यांकडे लक्ष द्यावे. आकडा वर चढून पुन्हा खाली येत असेल, तर अडचण नेटची आहे. तो १०८० वरच ठाम बसला असेल आणि वेग भरपूर दिसत असेल, तर मात्र वाटेत कोणीतरी परवानगी नाकारते आहे. हा फरक आधी केला नाही, तर माणूस राउटर बदलतो आणि दुखणे तसेच राहते.

परवानगीची कारणे मोजकी आहेत. नेटफ्लिक्सवर फोर-के फक्त प्रीमियम योजनेत मिळते. त्याखालची योजना असेल तर कितीही वेग असला तरी उपयोग नाही. यूट्यूब फोर-के चित्र व्हीपी-नाइन किंवा एव्ही-वन या कोडेकमध्ये देते, त्यामुळे ते न उलगडू शकणारी जुनी स्ट्रीमिंग स्टिक टीव्हीला लावली असेल तर पडदा कितीही चांगला असो, चित्र १०८० च्या वर जात नाही. मामांकडे कारण तिसरेच निघाले. त्यांची स्टिक जुन्या होम थिएटरमधून टीव्हीला जोडलेली होती आणि त्या होम थिएटरला एचडीसीपी २.२ हे चित्राची नक्कल रोखणारे संरक्षण येत नव्हते. साखळीतले एक जरी उपकरण त्यात कमी पडले, तरी सेवा वरचा दर्जा देत नाही. स्टिक थेट टीव्हीला लावली, आवाज एआरसीच्या, म्हणजे टीव्हीचा आवाज बाहेर नेणाऱ्या, पोर्टमधून होम थिएटरकडे नेला आणि प्रश्न तिथेच मिटला. बाहेरचे उपकरण लावताना त्या एचडीएमआय पोर्टचा, वरच्या दर्जाचे चित्र पूर्ण आत घेणारा 'एन्हान्स्ड' मोड चालू आहे का, हेही पाहावे. काही टीव्हींवर तो मुळात बंद असतो. मराठी मालिका मात्र या हिशेबात धरू नये. सेट-टॉप बॉक्सवरची एचडी वाहिनी १०८० चीच असते.

आता नेटकडे वळतो, कारण ठाण्यातल्या नव्या इमारतींमध्ये खरी गाठ तिथेच पडते. नेटफ्लिक्स फोर-केसाठी १५ एमबीपीएस वेग सुचवते; त्या हिशेबाने तासाला सुमारे पावणेसात जीबी डेटा लागतो. शंभर एमबीपीएसच्या जोडणीला हे जड नाही, पण तो वेग राउटरपाशी असतो. राउटर बहुतेक घरांत दाराजवळच्या कपाटात, फायबर जिथून आत येते तिथे बसवून दिलेला असतो आणि टीव्ही असतो दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाला. अॅल्युमिनियमचे साचे लावून एकसंध ओतलेल्या, बांधकामवाले ज्यांना 'मायवान' म्हणतात त्या इमारतींत आतल्या भिंतीसुद्धा सळयांसह काँक्रीटच्या असतात. अशी एक भिंत ५ गिगाहर्ट्‌झच्या वायफायला विटांच्या भिंतीपेक्षा कितीतरी जास्त अडवते. २.४ गिगाहर्ट्‌झ हा वायफायचा दुसरा पट्टा भिंत तुलनेने बरा ओलांडतो, पण तिथे एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या (चॅनेल) तीनच, १, ६ आणि ११, आणि त्यांवर आख्ख्या मजल्याचे राउटर दाटीवाटीने बसलेले. त्यातच टीव्हीचा अँटेना पॅनेलच्या मागे, भिंतीला चिकटून असतो. म्हणून सोफ्यावर बसून फोनवर घेतलेल्या स्पीड टेस्टवर विसंबू नये. टीव्हीच्या ब्राउझरमध्ये 'फास्ट डॉट कॉम' उघडून तिथेच मोजावे.

माझा स्पष्ट सल्ला आहे की, शक्य असेल तिथे लॅन केबल टाकावी. अनेक टीव्हींचे लॅन पोर्ट १०० एमबीपीएसपर्यंतच चालते आणि चांगल्या वायफायवर टेस्टचा आकडा त्याहून मोठा दिसू शकतो, त्यामुळे केबल म्हणजे मागे जाणे, असे काहींना वाटते. फोर-केला मात्र मोठ्या आकड्यापेक्षा, वरच्या १५ ला थोडी मोकळीक धरून, न डगमगणारे २५ एमबीपीएस हवे असतात, आणि ते केबल देते. केबल नेणे शक्य नसेल, तर राउटर कपाटाबाहेर, टीव्हीला थेट समोर दिसेल असा ठेवावा.

केबल लावूनही रात्री नऊच्या सुमारास आकडा घसरत असेल, तर दोष घराबाहेर आहे. अशा वेळी लॅपटॉप थेट राउटरला केबलने जोडून दुपारचा आणि रात्रीचा वेग नोंदवावा आणि दोन्ही आकडे वेळेसकट तक्रारीत लिहावेत, म्हणजे "तुमचे वायफाय तपासा" हे ठरलेले उत्तर देता येत नाही. आमच्या मजल्यावरून अशी तक्रार गेली, तेव्हा तंत्रज्ञ घरात न येता थेट जिन्याजवळच्या डक्टपाशी गेला आणि वाकलेल्या फायबरचा तुकडा बदलून गेला.