समुद्रापलीकडच्या गिऱ्हाइकाला आधी गंज दाखवा

जुनी गाडी इथल्याच, कॅलिफोर्नियातल्याच माणसाला विकायची असेल तर तो शनिवारी येतो, गाडीखाली वाकून बघतो, एक चक्कर मारतो आणि हो-नाही सांगून जातो. नेदरलँड्समधल्या माणसाला यातलं काहीच करता येत नाही. त्याच्याकडे असतात मी पाठवलेले फोटो आणि माझा शब्द. म्हणून माझं ठाम मत आहे की परदेशी गिऱ्हाइकाला चकचकीत रंगाच्या आधी उघडा पत्रा दाखवावा.

माझी १९७१ ची डॅटसन २४०झी, म्हणजे जुनी जपानी स्पोर्ट्स कार, या वर्षी रॉटरडॅमच्या बंदरात उतरली. २.४ लिटरचं सहा सिलिंडरांचं इंजिन, हिताचीचे दोन कार्ब्युरेटर, चार गिअर, केशरी रंग. हे मॉडेल अमेरिकेत आलं तेव्हा ३,५२६ डॉलरला मिळायचं, आणि त्या किमतीत इतकी देखणी, इतकी दमदार गाडी दुसरी कुठलीच नव्हती असं मी आजही म्हणेन. पण तिचा पत्रा पातळ आणि गंजाला फार लवकर बळी पडणारा. बॅटरीखालचा ट्रे, त्याच्या खालचा फ्रेम रेल (गाडीचा भार पेलणारी लांब पट्टी), पायाखालचा फ्लोअर, दरवाजामागचा खालचा कोपरा, मागच्या झाकणाखालची पट्टी. ही ठिकाणं २४०झी, म्हणजे आमची 'झी', ओळखणारा माणूस झोपेतही सांगेल. युरोपात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, तिथे या गाड्या फार टिकल्या नाहीत. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेतल्या गाडीला तिकडे मागणी आहे ती यामुळेच.

माझी नोकरी सुरू झाली चिंचवडच्या एका टूलरूममध्ये. तिथे जॉब, म्हणजे तयार झालेला भाग, बाहेर पडताना त्याच्यासोबत तपासणीचा कागद जायचा. कुठलं माप किती आलं, कुठे मापात किती फरक चालवून घेतला, खाली सही कोणाची. ती सवय अंगात मुरली. या गाडीचा रंग उतरवल्यापासून मी प्रत्येक पायरीचे फोटो ठेवले: भोकं पडलेला बॅटरी ट्रे, कापून काढलेला रेल, नवा रेल वेल्ड केल्यावर, प्रायमर मारल्यावर. शेजारी तारखेची चिठ्ठी आणि मोजपट्टी. जिथे पुट्टी भरली तिथे किती भरली तेही लिहिलं.

हे सगळं फोल्डर मी डच गिऱ्हाइकाला पाठवायला बसलो तेव्हा बायको म्हणाली, "अहो, त्याला ही भोकं कशाला दाखवताय? घाबरून पळून जाईल तो." मी म्हटलं, ज्याला ही गाडी कळते त्याला भोकं होती हे माहीतच असतं. ती कशी बुजवली एवढंच त्याला बघायचं असतं. झालंही तसंच. त्याने पहिला फोन केला तो रंगाबद्दल विचारायला नव्हे, रेलच्या वेल्डिंगबद्दल.

मग इंजिन मूळचंच आहे हे दाखवायला इंजिन बेमधल्या (बॉनेटखालच्या जागेतल्या) पाटीवरचा इंजिन नंबर आणि ब्लॉकवर ठोकलेला नंबर, दोन्हींचा एका सलग व्हिडिओत, मध्ये कट न करता, पुरावा दिला. थंड इंजिन सुरू करतानाचा व्हिडिओ दिला. मायक्रॉन मोजणारं यंत्र घेऊन प्रत्येक पॅनलवर रंगाची जाडी दाखवली, म्हणजे रंगाखाली पुट्टी दडवलेली नाही हे कळावं. शेवटी त्याने तिकडूनच एक स्वतंत्र तपासनीस ठरवून माझ्याकडे पाठवला. मला यात अपमान वाटला नाही. उलट विकणाऱ्यानेच हे सुचवावं.

किमतीबद्दल थोडक्यात. २०२० च्या जानेवारीत एक १९७१ ची २४०झी अमेरिकेतल्या ऑनलाइन लिलावात ३,१०,००० डॉलरला गेली. तेव्हापासून अंगणात झी असलेल्या प्रत्येकाला आपलीही तेवढ्याला जाईल असं वाटतं. ती जेमतेम २१ हजार मैल चाललेली गाडी होती. दुरुस्त केलेल्या गाडीने तिच्याशी तुलना करू नये.

गाडी मूळ अवस्थेत ठेवण्याचा फायदा मात्र नुसता भावनेचा नाही, तो कस्टममध्ये रोख मिळतो. युरोपीय संघात गाडी किमान ३० वर्षांची असेल, ते मॉडेल आता बनत नसेल आणि चासी, इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग वगैरेंत मोठा बदल केलेला नसेल, तर ती संग्राह्य वस्तू म्हणून कस्टमच्या यादीतल्या ९७०५ या शीर्षकाखाली येते. मग साध्या गाडीवरचं १० टक्के आयात शुल्क लागत नाही, आणि नेदरलँड्समध्ये व्हॅट २१ ऐवजी ९ टक्के बसतो. पुढच्या मॉडेलचा पाच गिअरचा बॉक्स बसवा असा सल्ला मला कितीतरी जणांनी दिला होता. हायवेला बरं पडतं, खरं आहे. पण मी चार गिअरच ठेवले, आणि कस्टमच्या माणसाला शंका काढायला जागा उरली नाही.

कागदांचं सांगतो, कारण इथे लोक अडकतात. अमेरिकेतून वापरलेली गाडी बाहेर पाठवताना मूळ टायटल, म्हणजे मालकीचा कागद, जहाज निघण्याच्या किमान ७२ तास आधी बंदरावरच्या कस्टमकडे द्यावं लागतं. निर्यातीची इलेक्ट्रॉनिक नोंद लागते, आणि तिच्यासाठी एकट्यादुकट्या माणसालाही ईआयएन (अमेरिकेच्या कर खात्याचा धंद्यासाठीचा ओळख क्रमांक) काढावा लागतो. माणसाचा स्वतःचा सोशल सिक्युरिटी नंबर चालत नाही. गाडी विकल्याची सूचना कॅलिफोर्निया डीएमव्हीला (वाहन नोंदणी खात्याला) पाच दिवसांत द्यायची. पैसे वायरने, म्हणजे थेट बँकेतून बँकेत, घ्या, ते खात्यात पक्के जमा झालेत हे बँकेकडून ऐका, मगच टायटलवर सही करा. किमतीपेक्षा जास्त रकमेचा चेक पाठवून "वरचे पैसे आमच्या शिपिंगवाल्याला द्या" म्हणणारा कुणी भेटला तर तिथेच थांबा. तो चेक नंतर खोटा निघतो आणि तुम्ही दिलेले पैसे परत येत नाहीत.

आता दुसऱ्या झीसाठी ऑस्ट्रेलियातून विचारणा आली आहे आणि तिथला प्रश्न वेगळाच आहे. २००३ च्या अखेरीपासून तिथे ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आहे, आणि ती जुन्या गाडीच्या ब्रेक लायनिंगला, क्लच प्लेटला, गॅस्केटलाही (सांधा गळू नये म्हणून मध्ये बसवायच्या पट्टीलाही) लागू होते, कारण जुन्या गाड्यांत हे भाग ॲस्बेस्टॉसचे असायचे. म्हणून ती गाडी रंगाला देण्याआधीच मी हे सगळं बदलायला घेतलं आहे. काढलेले भाग तपासणीसाठी प्रयोगशाळेत जातील, नव्या भागांच्या पावत्या फोल्डरमध्ये. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट राहिलंय. त्याचे बोल्ट पन्नास वर्षांचे आहेत आणि घाई केली तर हेडमध्येच तुटतात, त्यामुळे रोज संध्याकाळी थोडं पेनिट्रेटिंग ऑइल सोडतोय.