आमची वाटचाल: पागेची भिंत उघडली तेव्हा

ग्वाल्हेर शहरातला लष्कर नावाचा भाग १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वसला. त्यामुळे भरवस्तीत आजही पागा, बराकी सापडतात. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारत या राज्यात विलीन झालं, फौज गेली, आणि यातल्या काही जागांना वाली उरला नाही.

आम्ही दोघं वास्तुविशारद. सुरुवातीची वर्षं वाड्यांच्या डागडुजीत गेली. मग लष्करमधल्याच कंपू या वस्तीजवळच्या एका जुन्या पागेचं काम आलं आणि आमची दिशा ठरली.

ही पागा वस्तीकडे पाठ करून बांधलेली. गल्लीकडे उंच कोरी भिंत, सगळ्या कमानी आतल्या चौकाकडे. घोड्यांच्या राखणीला ते योग्यच होतं. पण त्या भिंतीपायी शेजारच्या दोन आळ्यांतल्या लोकांना रोज मोठा वळसा पडायचा. म्हणून आम्ही आधी बाहेरची मापं घेतली: कोण कुठून येतं, मुलं शाळेला कशी जातात. एक आजोबा भिंतीवर हात ठेवून म्हणाले, "इथं कमान होती हो, आमच्या लहानपणी बुजवली." गिलावा खरवडला, तर खरोखरच कमानीचे दगड! नवं भगदाड पाडायची वेळच आली नाही.

गिलावा मात्र सिमेंटचा होता. सिमेंट ओल कोंडून धरतं. मग आतले क्षार फुलतात आणि वालुकाश्माचे पापुद्रे सुटतात. तो सगळा उतरवला. नव्या गिलाव्याला मुरवलेला चुना, सुरखी म्हणजे विटांची भुकटी, गुळाचं नि बेलफळाचं पाणी. मिस्त्री एकेक थर थापीने घोटत, वर ओलं गोणपाट टाकत. चुन्याला घाई चालत नाही. मालकांना होती, पण आम्ही बधलो नाही.

घोडे बांधायच्या लोखंडी कड्या जागच्या जागी ठेवल्या. तबेल्यातली दगडी पन्हळही राखली; आता तिच्यातून पावसाचं पाणी गाळणखड्ड्यात आणि तिथून विहिरीत जातं.

"पागेत आता काय करणार?" असं विचारणाऱ्यांना आम्ही किल्ल्याकडे बोट दाखवतो. तिथल्या इंग्रजांनी बांधलेल्या बराकींत आज सिंधिया स्कूल भरतं. रोजचा वावर असला की कौल हललेला, पाणी मुरलेलं लगेच कळतं. इथंही एका दालनात गाण्याचा वर्ग चालतो, चौकातून आळीची ये-जा असते.

तेव्हापासून अशा जागेचं काम घेताना आमची एक अट असते: वस्तीसाठीची वाट नकाशात आणि करारात, दोन्हीकडे हवी. मध्यंतरी एका मालकांना ती नको होती. काम मोठं होतं, तरी आम्ही सोडलं.